पहिली बाजू संपेपर्यंत उठू नये

शाळेनं काय दिलं, असं स्मरणिकेसाठी विचारलं आहे. गाण्याच्या तासाला पेटीवर कान तयार झाला, एवढं उत्तर पुरे. त्या कानानं सगळ्यात जास्त जीव लावला तो मात्र डेट्रॉइटच्या एका तबकडीला. मोटाउन कंपनीची, २१ मे १९७१ ला आलेली, अमेरिकन गायक मार्व्हिन गेची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. बाकांच्या आठवणी इतर जण लिहितीलच. इथे ती तबकडी कशी ऐकावी तेवढं लिहितो.

नऊ गाणी, जेमतेम ३५ मिनिटं. मार्व्हिनचा भाऊ फ्रँकी व्हिएतनामच्या युद्धात होता. तिथून परतलेला सैनिक आपलाच देश नव्यानं पाहतो आहे, हे तबकडीचं सूत्र. पहिल्या बाजूची सहा गाणी एकमेकांत मिसळत जातात. म्हणून मोबाइलवर गाण्यांचा क्रम पिसणारं ‘शफल’ बंद हवं. एका गाण्याच्या शेवटावर पुढचं चढवणारा ‘क्रॉसफेड’ही बंद, कारण मुळात जुळवलेले सांधे तो पुन्हा कालवतो. दोन गाण्यांत फट न ठेवणारं ‘गॅपलेस’ मात्र चालू ठेवावं, नाहीतर प्रत्येक सांध्यावर क्षणभर शांतता पडते आणि कीर्तनकार अभंगाच्या मधोमध पाणी प्यायला थांबल्यासारखं होतं.

शीर्षकगीतात मार्व्हिनचे दोन आवाज आहेत. मुख्य चाल त्यानं दोनदा, वेगवेगळ्या तऱ्हेनं गायली होती आणि त्यातली एक निवडायची होती. ध्वनिमुद्रक केनेथ सँड्सनं दोन्ही एकाच टेपवर दिल्या, त्या एकदम वाजल्या, आणि मार्व्हिननं दोन्ही ठेवल्या. गायकानं स्वतःच स्वतःच्या मागे बसून साथ करावी तसं ते ऐकू येतं. सुरुवातीचा सॅक्सोफोनही असाच पदरात पडला: वादक ईलाय फाँटेन नुसता हात मोकळा करायला वाजवत होता, तेच ठेवलं.

पण खरा खजिना खाली, बास गिटारमध्ये. शीर्षकगीतात तो वाजवणारा जेम्स जेमर्सन आहे. उजव्या हाताची एकच तर्जनी, जाड गुळगुळीत तारा, आणि त्या तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत! त्यामुळे सूर टणक न येता गोलसर, लाकडासारखा येतो. नुसता ठेका धरून न बसता बास स्वतःच गातो. बासची सगळ्यात खालची तार सुमारे ४१ हर्ट्‌झची. मोबाइलचा चिमुकला स्पीकर तिथवर पोचतच नाही, म्हणजे निम्मं गाणं गेलं. साधे पण कानात घट्ट बसणारे हेडफोनही चालतील. ‘मर्सी मर्सी मी’ला बास बॉब बॅबिटचा आहे. हवा-पाणी नासल्याचं, माशांतल्या पाऱ्याचं ते गाणं १९७१ चं आहे, हे मुद्दाम सांगायला हवं.

तबकडीच वाजवणार असाल तर दुसऱ्या बाजूला जपा. फिरण्याचा वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा कायम, पण आत जावं तसा सुई जिच्यातून फिरते त्या खाचेचा घेर लहान होतो. तेवढ्याच वेळाचा आवाज कमी लांबीत कोंबला जातो आणि ‘स’, ‘श’ फाटतात. सुईचा भार कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्यानं सांगितला तेवढाच ठेवा, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. रेकॉर्ड जपायची म्हणून भार कमी करू नका: सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. कार्ट्रिजचा कोन त्यासाठीच्या छापील पट्टीवर तपासा. धूळ खाचेच्या दिशेनं पुसा, आडवी नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी पाकिटाला बुरशी धरते. आतलं पाकीट बदला आणि तबकड्या उभ्याच ठेवा.

एवढा खटाटोप शेवटच्या ‘इनर सिटी ब्लूज’साठी. ते अगदी आतल्या खाचांत आहे. गाणं सरल्यासारखं वाटलं तरी सुई उचलू नका, कारण त्याच्या शेपटाला शीर्षकगीताच्या ओळी हलकेच परत येतात.