उजव्या मेंदूचा स्ट्रोक आणि "बोलतात की चांगलं!"

बाबांना मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक आला. अ‍ॅम्ब्युलन्स, स्कॅन, आयसीयू सगळं वेळेत झालं. अडलं ते पुनर्वसन विभागात दाखल करून घेण्याआधीच्या मूल्यांकनापाशी. तो राग अजून गेलेला नाही.

"आंघोळ स्वतः करता?" मूल्यांकन करणाऱ्या बाईंनी विचारलं.
"करतो की."
"चालता?"
"चालतो."

आवाज खणखणीत. डावा हात मात्र मांडीवर लुळा पडलेला. मी मध्ये बोलले तर "पेशंटला बोलू द्या." निकाल आला: सौम्य, घरी न्या.

बाबा खोटं बोलत नव्हते. आपला हात चालत नाही हे त्यांना जाणवतच नव्हतं. याला अ‍ॅनोसॉग्नोसिया म्हणतात, बाबिन्स्की या डॉक्टरांनी १९१४ मध्ये दिलेलं नाव. शंभर वर्षांहून जुनी माहिती, आणि त्या फॉर्मवर तिच्यासाठी एक रकाना नाही!

शेजारच्या खाटेवरच्या काकांचा डावा मेंदू गेला होता. उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेलं. सगळं कळायचं, शब्द फुटायचा नाही, डोळ्यांतून पाणी यायचं. त्यांना लगेच घेतलं, घ्यायलाच हवं होतं. पण वाचा गेलेली कुणालाही कळते, बाबांचं गेलेलं कुणाला दिसत नव्हतं. स्ट्रोकची तीव्रता मोजायच्या एनआयएच स्केलवरसुद्धा ४२ पैकी ७ गुण भाषेशी निगडित आहेत आणि पेशंटचं एका बाजूकडे लक्षच जात नाही याला जेमतेम २. उजव्या मेंदूचा पेशंट कागदावर बरा दिसतो तो असा.

प्रत्यक्षात बाबा ताटातलं उजवीकडचं संपवायचे आणि अजून भूक आहे म्हणायचे. ताट फिरवलं की राहिलेलं खायचे. दाढी एकाच गालाची. डोळे तपासले, नजर व्यवस्थित. डावी बाजू त्यांच्या लक्षातच येत नव्हती.

शेवटी ऑक्युपेशनल थेरपिस्टनी त्यांना घड्याळ काढायला लावलं. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले. आडव्या रेघेचा मध्य दाखवा म्हटलं, तर खूण पार उजवीकडे. ते कागद आणि "पडण्याचा धोका, सतत देखरेख हवी" असं न्यूरोलॉजिस्टचं पत्र जोडून मी फेरअर्ज केला, तेव्हा कुठे जागा मिळाली. या चाचण्या पहिल्याच दिवशी मागा. अर्ज नाकारला तर कारण लेखी घ्या.

हो, आणि अशा माणसाला एकटं सोडू नका. पाय धरत नाही हे माहीत नसल्यामुळे ते सरळ उठून उभे राहतात. बेल उजव्या हाताशी ठेवा, पण गप्पा मारायला डावीकडे बसा. वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ ओढून द्या आणि रेघ दिसल्याशिवाय ओळ सुरू करू देऊ नका. याचा बाबांना खूप उपयोग झाला.

जमलं तर मूल्यांकनाची वेळ जेवणाच्या सुमाराची मागून घ्या, म्हणजे अर्धं राहिलेलं ताट मूल्यांकन करणाऱ्यांना स्वतःलाच दिसेल.