व्हीएमध्ये सीनियर सोशल वर्कर होईपर्यंत, आणि झाल्यावर

पुण्यात माझ्याबरोबर एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कचं मास्टर्स, केलेल्या मैत्रिणींची पोरं आता मोठी झालीत, त्यातली दोघंतिघं सारखं विचारतात की मावशी, तिकडे अमेरिकेत माजी सैनिकांसाठी मेंटल हेल्थ सोशल वर्करची पोस्ट असते ती कशी मिळते, व्हिसा देतात का. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. व्हिसाचं आधी सांगते म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. ही केंद्र सरकारची नोकरी आहे, अमेरिकन नागरिकाला आधी घेतात, लायक नागरिक मिळालाच नाही तरच बाकीच्यांचा विचार होतो, त्यामुळे ह्या नोकरीच्या जिवावर इकडे यायचं डोक्यात असेल तर काढून टाका. मी आले नवऱ्याच्या नोकरीमुळे, डिपेंडंट व्हिसावर, बरीच वर्षं घरात काढली, मग ग्रीन कार्ड, मग सिटिझनशिप आणि मग कुठे ह्या लायनीला लागले.

व्हीए म्हणजे माजी सैनिकांचं खातं. आपल्याकडे दवाखान्यासाठी ईसीएचएस, पेन्शन वेगळीकडे आणि दाखले-बिखले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असा प्रकार असतो, इथे वरून सगळं एकच खातं दिसतं पण आत दवाखान्याची बाजू वेगळी आणि भत्त्यांची बाजू वेगळी, आणि हा फरक समजावून सांगण्यात माझा निम्मा जन्म गेलाय. व्हीएत सोशल वर्कर १९२६ पासून आहेत, पहिल्या महायुद्धातून आलेल्या लोकांसाठी सुरू झालं ते, आणि आज अख्ख्या देशात सोशल वर्करला सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारं खातं हेच.

आता शिक्षण. जाहिरातीत अट अशी असते की मास्टर्स हे सीएसडब्ल्यूई ह्या संस्थेची मान्यता असलेल्या कॉलेजचं पाहिजे. माझी पुण्याची डिग्री हातात होती, ती समकक्ष ठरवून घ्यायची सोयही आहे, पण मी हिशोब केला की इथलं फील्डवर्क केल्याशिवाय मला इथली सिस्टीम कळणार नाही, म्हणून चाळिशी जवळ आलेली असताना परत एमएसडब्ल्यूला बसले. वर्गात सगळी माझ्या भाचीच्या वयाची. फील्डवर्क इथे किमान ९०० तास असतं. ते मी व्हीएच्या क्लिनिकमध्ये मागून घेतलं आणि हा एक निर्णय फार कामाला आला, कारण बाहेरच्या माणसाला ह्या खात्याची भाषाच कळत नाही, सगळी आद्याक्षरं, पहिले काही आठवडे मी फक्त वहीत लिहून घेत होते आणि घरी येऊन शोधत होते.

मग लायसन्स. मी टेक्सासमध्ये, सॅन अँटोनिओला असते, इथे आधी मास्टर्सची परीक्षा देऊन एलएमएसडब्ल्यू, म्हणजे पहिल्या पायरीचं लायसन्स, घ्यायचं, मग किमान २४ महिन्यांत ३००० तास क्लिनिकल, म्हणजे पेशंटच्या उपचाराचं, काम, त्यात १०० तास सुपरव्हिजन, आणि मग क्लिनिकलची परीक्षा, ती पास झालं की एलसीएसडब्ल्यू, म्हणजे फुल क्लिनिकल लायसन्स. दुसऱ्या राज्यात आकडे बदलतात, ते त्या त्या बोर्डाच्या साइटवर बघा. परीक्षा माझ्या वेळी १७० प्रश्नांची होती, ४ तास, त्यातले १५० च मोजायचे, बाकीचे २० ट्रायलचे, पण कुठले २० ते सांगायचे नाहीत.

ह्या परीक्षेबद्दल जरा सविस्तर सांगते कारण आपली माणसं इथे अडकतात. चारही उत्तरं बरोबरच वाटतात आणि विचारलेलं असतं की सगळ्यात आधी काय कराल. आपल्याला तिकडे शिकताना आणि घरीही सवय अशी की माणूस संकटात आहे ना, मग बोलवा घरच्यांना, भाऊ कुठाय, बायको काय म्हणते. इथल्या परीक्षेत तसं केलं की प्रश्न गेला. आधी समोरच्या माणसालाच विचारायचं, त्याच्या परवानगीशिवाय बायकोलाही फोन नाही, फक्त जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. मला हे पाठ करून जमलं नाही, डोकंच वेगळ्या पद्धतीने चालवायला लागलं. ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही त्यांचा पास होण्याचा टक्का कमी आहे हे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच २०२२ च्या आकडेवारीत आहे, तेव्हा वेळ जास्त धरा आणि स्वतःला ढ समजू नका. आणि खरं सांगू का, प्रत्यक्ष कामात मला अजूनही वाटतं की घरच्यांना जरा लवकर बोलवायला हवं. परवानगी घेऊन. पण लवकर.

३००० तासांतले बरेचसे मी एका छोट्या संस्थेत काढले, पगार बेताचा, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. मग यूएसएजॉब्स ह्या सरकारी साइटवर अर्ज. प्रायव्हेटवाला रेझ्युमे टाकला की काम झालं असं नसतं, प्रत्येक नोकरीचा महिना-वर्ष, आठवड्याला किती तास, नेमकं काय केलं, सगळं लिहावं लागतं. नियम अधूनमधून बदलतात, पानांची मर्यादासुद्धा, म्हणून जाहिरात शेवटपर्यंत वाचा. मुलाखतीत 'अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत' ह्याच धाटणीचे प्रश्न, पॅनेल खाली मान घालून लिहीत असतं, कुणी हसत नाही, घाबरू नका, त्यांना तसंच सांगितलेलं असतं. नंतर एक बोर्ड बसून तुमची ग्रेड ठरवतं. जीएस म्हणजे इथल्या केंद्र सरकारची पगारश्रेणी. फुल लायसन्स असेल तर जीएस-११, आणि त्या लायसन्सनंतर दोन वर्षांचा अनुभव झाला की सीनियरसाठी म्हणजे जीएस-१२ साठी पात्र. पात्र झालं म्हणजे मिळालं असं नाही, जागा निघायला लागते. पगाराचे तक्ते सरकारच उघड छापतं, शहराप्रमाणे फरक असतो.

एवढी सगळी कागदपत्रं करून आत आले तर आतही कागदच. पण ह्यावरच मला मुख्य बोलायचंय. आम्ही कॉलेजमधून थेरपी शिकून येतो आणि वाटतं की माणूस समोर बसेल आणि बोलायला लागेल. माजी सैनिक तसा बसत नाही. तो येतो कागदाचं काम घेऊन.

पहिला कागद डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा दाखला, त्याच्याशिवाय काही हलत नाही. तो हरवलेला असतो. म्हाताऱ्या लोकांच्या बाबतीत तर अजून एक भानगड आहे, १९७३ च्या जुलैमध्ये सेंट लुईसच्या रेकॉर्ड ऑफिसला आग लागली आणि दीड कोटीच्या वर फायली जळाल्या, १९१२ ते १९६० मध्ये आर्मीतून सुटलेल्यांच्या फायलींपैकी ८० टक्के गेल्या. कोरियाच्या लढाईत लढलेला नव्वदीचा माणूस समोर बसलाय आणि सरकारकडे त्याची फाइल नाही. मग जुनी पगाराची स्लिप, दवाखान्याचा कागद, बरोबरच्या कुणाचं पत्र असं गोळा करत बसायचं. दुसरा विषय टक्के, म्हणजे सैन्यातल्या नोकरीमुळे आलेलं अपंगत्व किती धरायचं ते. मानसिक आजाराला ०, १०, ३०, ५०, ७० किंवा १०० टक्के असं ठरवतात आणि त्यावर महिन्याचा भत्ता. ते ठरवणारे वेगळे, मी ठरवत नाही, हे दर आठवड्याला सांगते.

एक आजोबा होते, व्हिएतनामवाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लांब रँचवर राहायचे आणि माझ्याकडे यायचे ते फक्त प्रवासखर्चाच्या फॉर्मसाठी, मैलाला साडेएक्केचाळीस सेंट मिळतात त्याचा. फॉर्म भरायचा, सही करायची, 'थँक यू मॅम', निघाले. खुर्ची भिंतीला लावून दाराकडे तोंड करून बसायचे, हे बऱ्याच जणांचं असतं, म्हणून मी माझं टेबलच तसं फिरवून घेतलंय. पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराची, प्रश्नावली दिली तर सगळीकडे शून्य. २० प्रश्न, २० शून्यं. माझ्या तेव्हाच्या सुपरव्हायझर म्हणाल्या, फॉर्म भरत राहा. मी भरत राहिले. मग दातांचं काम निघालं, मग छताचं, मग बायकोच्या औषधाचं, आणि बऱ्याच महिन्यांनी एकदा फॉर्म भरून झाल्यावर ते उठलेच नाहीत. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं होतं आणि बायकोलाही माहीत नव्हतं. ते सैन्यातून सुटले तेव्हा पीटीएसडी हे निदानच पुस्तकात नव्हतं, १९८० ला आलं ते. त्यानंतर आम्ही सीपीटी केली, म्हणजे त्या प्रसंगाबद्दलचे विचार तपासून बघायची १२ सेशनची थेरपी असते, दर वेळी घरून लिहून आणायचं असतं, आजोबा पेन्सिलने लिहून आणायचे, रेघा मारलेल्या वहीत, आणि एकही सेशन बुडवलं नाही. फॉर्मचा काळ वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही, तेव्हा ते मला पारखत होते. बँकेची लाइन लागते तशी ती लाइन होती, आणि त्यांनीच मला उभं केलं होतं.

आता बंदुका. टेक्सासमध्ये हा विषय टाळून हे काम होत नाही. २०२२ मध्ये देशात रोज सरासरी १७ च्या वर माजी सैनिकांनी आत्महत्या केली आणि दहातल्या सातांहून जास्त बंदुकीने. आमच्या शहरातल्या व्हीए हॉस्पिटलला ऑडी मर्फीचं नाव आहे, दुसऱ्या महायुद्धात सगळ्यात जास्त पदकं मिळवलेल्यांपैकी एक, नंतर सिनेमात हीरो झाला, आणि तो उशीखाली भरलेलं पिस्तूल ठेवून झोपायचा. त्याने हे लपवलं नाही, उलट उघडपणे बोलला, तेही त्या काळात. हे नाव दारावर असल्याचा मला खरंच उपयोग होतो. मी 'बंदूक आहे का' असं विचारतच नाही, असते असंच धरून 'कशी ठेवता' विचारते. काढून घ्यायचा विषय काढला की माणूस गेला. कुलूप फुकट मिळतं, ते ड्रॉवरमध्ये पडलेलंच असतं, देते. गोळ्या वेगळ्या कपाटात, किल्ली बायकोकडे किंवा जुन्या मित्राकडे, थोडे दिवस. वाईट वेळ आली की हाताला बंदूक लागायला जेवढा जास्त वेळ लागेल तेवढा तो माणूस वाचण्याची शक्यता जास्त, सगळा खेळ त्या मिनिटांचा आहे. सेफ्टी प्लॅन, म्हणजे वाईट वेळ आली तर काय करायचं ते, लिहितो त्यात शेवटी ९८८ ह्या हेल्पलाइनला फोन करून मग १ दाबा हे असतंच, आणि ते मी त्यांच्या फोनमध्ये समोरच सेव्ह करायला लावते.

मला हमखास विचारतात, तुम्ही सर्व्हिस केलीये का. नाही म्हणते. पुढे काही जोडत नाही. एकदाच एकाला सांगितलं की माझे थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, घरटी नसला तरी गल्लीला एक फौजी, काका एकाहत्तरच्या लढाईत होते. दिवाळीत फटाके सुरू झाले की ते रानात जाऊन बसायचे आणि आम्हाला सांगितलेलं की त्यांना धूर सोसत नाही. इथे ४ जुलैला आतषबाजी असते, त्याच्या आधीचा आठवडा आमच्याकडे फोनवर फोन. काकांना कुणी काही विचारलं नाही, गावात विचारणारं होतंच कोण.

सीनियर झाल्यावर काय बदललं? माझे स्वतःचे पेशंट कमी झाले आणि दुसऱ्यांच्या पेशंटची काळजी वाढली. ज्यांना जास्त धोका आहे त्यांच्या फाइलवर फ्लॅग लागतो, फ्लॅग लागल्यावर ३० दिवसांत किमान चार भेटी, ९० दिवसांनी परत बघायचं, आणि भेट चुकवली की फोन, परत फोन, लागलं तर पोलिसांना घरी पाठवून बघायला सांगायचं. हे बहुतेक वेळा शुक्रवारी दुपारी चारनंतरच का होतं हे मला अजून कळलेलं नाही. नवीन पोरंपोरी माझ्या खोलीत येतात, 'तो म्हणाला की ठीक आहे, पण', आणि त्या 'पण'च्या पुढचं ऐकायचा मला पगार मिळतो असं समजा. २०२३ च्या जानेवारीपासून आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेल्या पात्र माजी सैनिकाला कुठल्याही इमर्जन्सीत नेलं तरी खर्च सरकार करतं, व्हीएत नाव नोंदवलेलं नसलं तरीही. हे पेशंटनाच काय, बाहेरच्या डॉक्टरांनासुद्धा माहीत नसतं, म्हणून त्यांना फोन करून सांगणं हेही माझंच. मीटिंगा भयंकर आहेत. नोट्स त्याच दिवशी लिहाव्या लागतात. आणि स्वतःसाठी मी एक नियम केलाय, घरी जाताना गाडीत फोनवर कुणाशी बोलायचं नाही, पहिली वीस मिनिटं तर नाहीच.

ज्यांना हेच काम करायचंय पण अमेरिकेचा हट्ट नाही त्यांनी तिकडेही बघा. सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क बंगळुरूला निम्हान्समध्ये शिकवतात, आणि टेलिमानसचा, म्हणजे १४४१६ ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, सैन्यदलांसाठीचा खास सेल १ डिसेंबर २०२३ ला पुण्यातच एएफएमसी ह्या सैन्याच्या मेडिकल कॉलेजमध्ये सुरू झालाय. मैत्रिणीच्या लेकीला मी तिथेच आधी चौकशी कर म्हणून सांगितलंय, बघू काय म्हणते.