बाराव्या मात्रेनंतरची सम

माझ्या आवडीच्या रॉक गाण्यांची यादी वर्षानुवर्षे तीन गाण्यांच्या पुढे सरकलेली नाही. खरे तर गिरगावच्या चाळीत वाढलेल्या मुलाच्या कानावर ही गाणी पडण्याचे काही कारण नव्हते. सकाळी आकाशवाणी, संध्याकाळी कुणाच्या तरी खोलीतून येणारी नाट्यपदे आणि गुरुवारी भजन, असा आमचा श्रवणाचा क्रम ठरलेला होता. पण नव्वदच्या दशकात शेजारच्या बिऱ्हाडातल्या मित्राने कुठून तरी एक जुनी गिटार पैदा केली, धोबीतलावच्या रंगभवनात होणाऱ्या इंडिपेंडन्स रॉक या संगीत महोत्सवाला तो जाऊ लागला आणि त्याच्या कॅसेटी आमच्या घरी मुक्कामाला येऊ लागल्या.

त्यांपैकी पहिली पिंक फ्लॉइडची. १९७५ सालच्या ‘विश यू वेअर हिअर’ या गाण्याच्या सुरुवातीला कुणीतरी रेडिओची स्टेशने फिरवत असल्याचा आवाज येतो, मग त्या रेडिओतूनच वाजावी तशी पातळ, लांबची गिटार ऐकू येते आणि थोड्या वेळाने दुसरी गिटार जणू आपल्याच खोलीत बसून तिला साथ करू लागते. इतरांना ही मोठी कल्पकता वाटत असेल; आमच्या चाळीत हे रोज घडत होते. आमच्याकडे रेडिओ लागला की भिंतीपलीकडून मित्राची गिटार त्याच्या मागोमाग चाचपडत येई. ज्या अल्बममध्ये हे गाणे आहे, तो सिड बॅरेट या त्यांच्या दुरावलेल्या साथीदाराच्या आठवणीने व्यापलेला आहे. अल्बमचे काम चालू असताना बॅरेट स्वतः लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत आला, तेव्हा डोके आणि भुवया भादरलेल्या त्या स्थूल माणसाला बराच वेळ कुणी ओळखले नाही, ही हकिकत प्रसिद्ध आहे. माझ्या मित्राच्या बाबतीत असे नाट्यमय काही घडले नाही. चाळीचा पुनर्विकास निघाला, तो विरारला राहायला गेला आणि गिटार माळ्यावर गेली, एवढेच.

द डोअर्सच्या १९७१ मधल्या ‘रायडर्स ऑन द स्टॉर्म’विषयी मी थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याशी माझे संबंध आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. पावसाच्या आणि ढगांच्या गडगडाटाने सुरू होणारे, रे मॅन्झारेकच्या इलेक्ट्रिक पियानोचे सूर थेंबांसारखे ओघळत ठेवणारे हे गाणे पहिल्या पावसाच्या दिवशी गॅलरीत बसून ऐकायचे, हा माझा दर जून महिन्यातला नेम होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्या रात्री मी अंधेरीहून दादरला मावशीच्या घरापर्यंत कधी रस्त्याने, कधी रुळांवरून, बहुतेक वेळ कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेलो. तेव्हापासून गाणे ऐकतो, पण पहिला गडगडाट वगळून.

तिसरे गाणे लेड झेपलिनचे ‘काश्मीर’, आणि ते माझ्या यादीत आहे याचे सगळे श्रेय अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना जाते. अण्णा गोदीत नोकरीला होते. तिशी उलटल्यावर, पाळी संपवून आल्यानंतरच्या वेळात ते चाळीतल्याच एका वयस्कर गृहस्थांकडे तबला शिकले आणि पुढे कितीतरी वर्षे भजनी मंडळाचा ठेका त्यांनीच सांभाळला. माझ्या कॅसेटींविषयी त्यांचे मत एका शब्दाचे होते: कलकलाट. तशात नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी काळ्या घोड्याजवळच्या रिदम हाऊसमधून हे गाणे असलेला ‘फिजिकल ग्राफिटी’ हा अल्बम विकत आणला. (ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले, तिकडून जाताना मान अजूनही आपोआप वळते.)

रविवारची दुपार होती, जेवणे झाली होती आणि अण्णा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ‘काश्मीर’ जवळजवळ साडेआठ मिनिटांचे आहे, त्यामुळे ते झोपले असतील या भरवशावर मी आवाज बेताचा ठेवून ते लावले. निम्म्यावर आल्यावर माझ्या लक्षात आले की त्यांची बोटे खाटेच्या कठड्यावर चालू आहेत. गाणे संपले तेव्हा त्यांनी कूस न बदलताच सांगितले, “पुन्हा लाव.” दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते उठून बसले. “अरे, तुझा गिटारवाला तिनाने चाललाय आणि ठेकेवाला चाराने. बाराला दोघं सम गाठतायत. हा कलकलाट नाही.”

मी हे गाणे तोवर पन्नासएक वेळा तरी ऐकले असेन, पण त्यात एवढा अस्वस्थ करणारा चढ कशामुळे येतो, हे मला कधी उमगले नव्हते. गिटारची धून तीन-तीनच्या गटांत वर चढत राहते, ड्रमवादक जॉन बोनम मात्र खाली चारचा साधा ठेका धरून बसतो. त्यामुळे धुनेचा आरंभ प्रत्येक वेळी ठेक्याच्या निराळ्या मात्रेवर पडतो आणि बारा मात्रांचे आवर्तन पुरे झाल्यावरच दोघे पुन्हा एकत्र येतात. बँडचा गायक रॉबर्ट प्लांट याला या गाण्याचे शब्द काश्मीरमध्ये नव्हे, तर मोरोक्कोच्या दक्षिण भागातल्या निर्जन रस्त्यावरून जाताना सुचले होते, हे मी अण्णांना उत्साहाने सांगितले. त्यांना त्यात काडीचाही रस नव्हता. त्यांचे सगळे लक्ष बोनमवर होते. “समोरचा एवढा गुंतवतोय आणि हा हलत नाही,” ते म्हणाले. “नुसता ठेका धरून बसणं सगळ्यात अवघड. हात शिवशिवतात.” त्या दिवसापासून बोनमचे आमच्या घरातले नाव ‘ढोलवाला’ पडले, आणि भजनाहून आल्यावर “ढोलवाल्याचं लाव” अशी फर्माईश अधूनमधून होऊ लागली.

बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी त्यांनी इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केली होती. ती २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आली, तेव्हा अण्णांना ऐकवण्यासाठी मी अक्षरशः धावत घरी गेलो. आपल्याच शहरात वाजलेला तबला, तोही यांच्या गाण्यात. मला वाटले, अण्णा हरखून जातील. त्यांनी दोन्ही गाणी शांतपणे ऐकली, तबलजी तयारीचा आहे असे सांगितले आणि विचारले, “ढोलवाला कुठाय?” तो या दौऱ्यात नव्हता, दोघेच आले होते, असे मी म्हणालो.

“ठेकेवाल्याला घरी ठेवून आले?” अण्णांना ते अजिबात पटले नाही. मग थोड्या वेळाने, “काय करतो तो आता?”

इतक्या वर्षांत हे त्यांना सांगायचे राहूनच गेले होते. बोनम १९८० मध्ये गेला, वयाच्या ३२व्या वर्षी, आणि त्याच्यामागून बँडही बंद झाला, असे मी सांगितले. अण्णांची बोटे खुर्चीच्या हातावर चालली होती, ती थांबली.

“बत्तिसाव्या वर्षी,” ते म्हणाले, “मला तिरकिटसुद्धा धड येत नव्हतं.”