पान ९ : समोरचा दिसत नाही, ऐकूही येत नाही

हस्तलिखिताचं नववं पान तीन आठवडे अडकलं होतं, ते काल सुटलं. पहिली आठ पानं पाहिलेल्यांना रीत ठाऊक आहे. डावीकडे गोष्ट सांगायची एक युक्ती, उजवीकडे ती दाखवणारी एकच चित्रपट्टी. डावीकडचं न वाचतासुद्धा युक्ती कळली पाहिजे. या वेळची युक्ती आहे आकाशभाषित.

नाव जड, पण प्रकार रोजचा. मंचावर एकच नट असतो. तो हवेत बघून "काय म्हणतोस?" असं विचारतो आणि न आलेलं उत्तर ऐकल्यासारखं करून पुढे बोलतो. धनंजयाने ‘दशरूपका’त याची व्याख्या दिली आहे. तो ग्रंथ दहाव्या शतकाच्या अखेरीचा, आपल्याच माळव्यातला, परमार राजा मुंजाच्या दरबारातला. भाण हा एकपात्री नाट्यप्रकार तर सगळा यावरच उभा असतो. ‘पद्मप्राभृतक’ या भाणातला विट, म्हणजे रंगेल, बोलघेवडा शहरी माणूस, उज्जयिनीच्या रस्त्यांवरून हिंडतो, भेटेल त्याच्याशी गप्पा मारतो, आणि प्रेक्षकाला दिसतो तो एकटा. इंदूरमधल्या माझ्या टेबलापासून उज्जैन जेमतेम ५५ किलोमीटर. त्यामुळे हे पान कसंतरी उरकून टाकायला मन होईना.

पहिली पट्टी हाती आली ती १८९६ची. २५ ऑक्टोबरला न्यूयॉर्क जर्नलच्या रविवार पुरवणीत छापलेली, अमेरिकी चित्रकार आउटकॉल्टच्या पिवळ्या पोराची (‘यलो किड’) आणि त्याच्या फोनोग्राफची, म्हणजे आवाज वाजवणाऱ्या जुन्या यंत्राची. एरवी या पोराचं बोलणं त्याच्या पिवळ्या डगल्यावर लिहिलेलं असतं. इथे फोनोग्राफ बोलतो आणि त्याचे शब्द बोलण्याच्या फुग्यांत येतात. शेवटी पेटीतून पोपट बाहेर पडतो. बोलणारा लपलेला, वाचक फसलेला! मी दोन दिवस खुशीत होते, चौकटीचं मापही काढून ठेवलं. मग जिना उतरताना लक्षात आलं की इथे लपलेल्याचे शब्द तर आपण वाचतोय. आकाशभाषितात शब्दच गायब असायला हवेत. पट्टी बाजूला ठेवली. फुग्यांच्या पानासाठी ती लागेलच.

मग लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आठवला. तो सगळं ऐकतो आणि कधीच बोलत नाही. पण तो दिसतो. गप्प राहणारा माणूस वेगळा आणि गैरहजर माणूस वेगळा, आणि मला गैरहजर हवा होता.

नेमकं उदाहरण मिळालं ते ‘पीनट्स’ या शुल्झ यांच्या अमेरिकी चित्रपट्टीत. वर्गात बसलेली पेपरमिंट पॅटी, चौकटीबाहेरच्या बाईंना "येस, मॅम" म्हणणारी. बाई दिसत नाहीत, त्यांचा फुगा नाही, तरी त्यांनी काय विचारलं ते पॅटीच्या उत्तरावरून समजतं. १९५० ते २००० अशी जवळपास ५० वर्षं शुल्झ यांनी मोठ्या माणसांचा आवाज बहुतेक वेळा असा रिकामा ठेवला. अ‍ॅनिमेशन करताना त्या रिकाम्या जागी काहीतरी वाजवावं लागलं, म्हणून ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य आलं. कागदावर तेवढंही लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पण ती पट्टी अजून स्वामित्वहक्कांत आहे. आपल्या ३० झेरॉक्स प्रती घरोघर जाणार, आणि दुसऱ्याचं चित्र न विचारता त्यात घालायचं नाही हे आपलं पहिल्या पानापासून ठरलेलं आहे. तेव्हा पट्टी स्वतःच काढायची.

विषय स्वयंपाकघरातच सापडला. मामी फोनवर बोलत होती आणि मी दाराशी उभी राहून तिची बाजू तेवढी वहीत उतरवून घेतली. त्यातलं खाजगी सगळं काढून टाकलं, फक्त चाल ठेवली. चार चौकटी अशा झाल्या.

पहिलीत बाई गराडूचा कंद सोलतेय, फोन खांदा आणि कान यांच्यात दाबलेला. "हं, बोल गं. हो, जेवणं झाली आमची."

दुसरीत सुरी अर्ध्यावर थांबलेली. "काय म्हणतेस? परत?"

तिसरीत फुगा नाही. सुरी ताटात, फोन आता हातात धरलेला.

चौथीत ती उठून उभी. "बरं, ये. किल्ली कुंडीखालीच आहे."

सगळं वजन तिसऱ्या चौकटीवर आहे. आधी मी तिथे "अगं, रडू नकोस" लिहिलं होतं. वाचायला बरं वाटत होतं, पण मग पलीकडे काय चाललंय ते मीच सांगून टाकत होते. ते खोडलं. फुगा गेल्यावर वरची जागा ओकी दिसू लागली, म्हणून मागे कप आणि बरणीची फळी काढली. तीही पुसली. जागा ओकीच हवी होती. चौथीतला ‘च’ मात्र राखलाय. फोनवरची ती कुंडीखाली आधीही हात घालून गेली आहे, हे त्या एका अक्षरावरून कळतं.

अक्षरलेखनाचं थोडं. आधी मजकूर लिहायचा, फुगा नंतर त्याच्याभोवती ओढायचा. मी उलटं केलं आणि वेलांट्या फुग्याच्या कडेला घासल्या. ‘लिटल नेमो’ या जुन्या अमेरिकी चित्रपट्टीत चित्रकार मॅकेची चित्रं डोळे दिपवतात, पण फुग्यांत अक्षरं कोंबलेली असतात, आणि देवनागरीत ती चूक जास्त बोचते. वर मात्रा, खाली उकार, दोन्हीला हवा लागते. आता शिरोरेघांमधलं अंतर ९ मिलिमीटरवरून १२ वर नेलंय. फुग्यांच्या शेपट्या सगळ्या बाईकडेच वळलेल्या आहेत. एकही फोनकडे जात नाही ना, हे दोनदा तपासलं.

खजुरी बाजारातून नवा कार्ट्रिज कागद आणला. चाचणीची झेरॉक्स मात्र फसली. साडीवरच्या बारीक तिरप्या रेघा मिळून काळा डाग झाला. रेघा आता अर्ध्यावर आणल्यात आणि त्यांच्यात भाताच्या दाण्याएवढं अंतर ठेवलंय.

काल पट्टी मामीला दाखवली, डावं पान झाकून. तिने सावकाश वाचली, तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं पोरगी रडून राहिली आहे."

पोरगी तर चित्रात कुठेच नाही.

शाई तीन चौकटींवर चढली आहे. चौथीत बाईचा मोकळा हात अजून जमत नाहीये. पदराला पुसत असावा की दाराच्या कडीवर, हे ठरलेलं नाही. दोन्ही कच्ची चित्रं रविवारी घेऊन येते, बघून सांगा.