कोण सांगतंय? जोडवाचनाच्या वहीतली सहावी नोंद

मागच्या नोंदीनंतर वहीत पाच जोड्यांची भर पडली. आधी पुस्तक, मग त्यावरचा सिनेमा, मग दोन्हींवर मिळून दोन पानं, हा नेम एकदाच मोडला, आणि तोही मुद्दाम. त्याबद्दल पुढे येईलच. बदललाय तो रकाना. आतापर्यंत डाव्या पानावर मी 'काय गाळलं' असं शीर्षक देऊन यादी करायचे, आणि यादी लांबली की सिनेमावर नाराज व्हायचे. आता तिथे एकच प्रश्न लिहिते: गोष्ट कोण सांगतंय?

हे 'ड्यून'मुळे झालं. फ्रँक हर्बर्टच्या १९६५च्या कादंबरीत प्रकरणांच्या डोक्यावर राजकन्या इरुलानच्या लेखनातले उतारे आहेत. प्रसंग घडायच्या आधीच तो इतिहास झालेला असतो, कुणीतरी तो लिहून ठेवलेला असतो. दनी व्हिलनव्हच्या सिनेमाच्या २०२१च्या पहिल्या भागात सुरुवातीचा आवाज चानीचा, म्हणजे नायक पॉलच्या प्रेयसीचा आहे, २०२४च्या दुसऱ्या भागात इरुलानचा, आणि शेवट परत चानीच्या चेहऱ्यावर होतो. पहिल्यांदा बघताना हे माझ्या लक्षातच आलं नाही, कारण मी पॉलच्या धाकट्या बहिणीपाशी, आलियापाशी, अडले होते. कादंबरीत मधे दोन वर्षं जातात, आलिया जन्मते, एवढीशी पोर मोठ्यांसारखं बोलते आणि खलनायक बॅरनचा जीवही तीच घेते. सिनेमात ती शेवटपर्यंत आईच्या पोटात. मी रागाने 'कापाकापी' असं लिहून वही मिटली होती.

दुसऱ्यांदा बघताना मत फिरलं. सगळं थोड्याच महिन्यांत उरकल्यामुळे पॉलला देव मानणारी माणसं आपल्या डोळ्यांदेखत बदलतात. तो बदल बघून हादरणारं कुणीतरी तिथे हवं, आणि ती चानी आहे. कादंबरीतली चानी त्याच्यावर विश्वास टाकते, सिनेमातली शंका घेते. कादंबरीत हर्बर्टने इशारा द्यायचं काम इतिहासाच्या उताऱ्यांकडून करून घेतलं, सिनेमात ते एका प्रेम करणाऱ्या मुलीच्या नजरेकडे आलं. 'कापाकापी'वर काट मारली आणि बाजूला तारीख घातली.

या खेपेची सगळ्यात श्रीमंत जोडी मात्र 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'. डेव्हिड ग्रॅनचं २०१७चं पुस्तक कादंबरी नाही, खरा इतिहास आहे: १९२०च्या दशकातलं ओक्लाहोमा, जमिनीखालच्या तेलामुळे श्रीमंत झालेले ओसेज जमातीचे मूळ अमेरिकन लोक आणि त्यांचे एकामागून एक होणारे खून. तरी ते वाचताना रहस्यकथेसारखं पकडून ठेवतं, कारण ग्रॅन गुन्हेगाराचं नाव बराच वेळ हातचं राखतो आणि तपास अधिकारी टॉम व्हाइटच्या पावलांनी आपल्याला नेतो. स्कॉर्सेसीने २०२३च्या सिनेमात हे कुलूपच काढून टाकलं. कोण करतंय ते आपल्याला लवकरच कळतं. टॉम व्हाइट दारात उभा राहतो तो सिनेमा अर्ध्याच्या पुढे गेल्यावर. २०६ मिनिटं आपण तपास बघत नाही, एक लग्न बघतो: ओसेज मोली आणि तिच्या घरात विष आणणारा तिचा नवरा अर्नेस्ट.

एका प्रसंगावर मी जवळजवळ पानभर लिहिलंय. लग्नाआधीची भेट. बाहेर वादळी पाऊस सुरू होतो, अर्नेस्ट बोलत राहतो, आणि मोली त्याला गप्प बसायला सांगते. वादळाची ताकद मोठी आहे, त्याच्यासमोर शांत बसायचं. मग ती बसते. मोली झालेली लिली ग्लॅडस्टन जवळपास काहीच करत नाही, फक्त ऐकते. शेजारी तो चुळबुळतो. ज्याला पावसाचा आवाज ऐकवत नाही तो माणूस या घरात काय करणार, हे त्या चुळबुळीत आलंय. पुस्तकात याला जोड नाही, आणि नसण्यात पुस्तकाचा दोष नाही. कागदपत्रांत अशी शांतता सापडत नसते.

आणि शेवट! पुस्तकाच्या तिसऱ्या भागात ग्रॅन स्वतः बातमीदार म्हणून गोष्टीत येतो, वंशजांना भेटतो, न सुटलेले खून उकरतो. सिनेमाने तो भाग गाळला असं मी लिहायला घेतलं होतं. मग आठवलं की शेवटी रेडिओवरच्या कार्यक्रमात सगळी हकिगत करमणूक म्हणून सादर होते, आणि मोलीच्या मृत्यूची नोंद वाचायला स्वतः स्कॉर्सेसी उभा राहतो. त्या नोंदीत खुनांचा उल्लेख नव्हता, एवढं सांगून थांबतो. म्हणजे सांगणाऱ्याने समोर येऊन उभं राहायचं, हे काम दोघांनीही केलं. या जोडीने मला खूप काही शिकवलं.

'पुअर थिंग्ज'वर माझं मत इतकं गोड नाही. अ‍ॅलस्डेर ग्रेच्या १९९२च्या कादंबरीचा सगळा जीव तिच्या रचनेत आहे. नायिका बेलाची अचाट कहाणी तिचा नवरा सांगतो, आणि शेवटी तिचं स्वतःचं पत्र येऊन ती कहाणी खोटी ठरवतं. आपण कुणावर विश्वास ठेवला होता, हे वाचकाला मागे वळून बघावं लागतं. लँथिमॉसच्या २०२३च्या सिनेमात ते पत्र नाही, कादंबरीतलं ग्लासगो शहरही नाही. बेला झालेल्या एमा स्टोनची चाल आणि बोलणं प्रसंगागणिक कसं मोठं होत जातं, ते विलक्षण आहे. कृष्णधवलातून रंगात येणंही मला फार आवडलं. पण बाईची गोष्ट पुरुषाने रचली आणि बाईने ती परत घेतली, हा कादंबरीचा कणा होता. तो नसला की उरते ती सुंदर पण सरळ गोष्ट. दोनदा बघितला, मत कायम.

'द झोन ऑफ इंटरेस्ट'बद्दल थोडक्यात. मार्टिन एमिसच्या २०१४च्या, आऊश्वित्झच्या नाझी छळछावणीवरच्या कादंबरीत तीन निवेदक आळीपाळीने बोलतात. सिनेमात जोनाथन ग्लेझरने तिघांनाही काढून टाकलं, काल्पनिक कमांडंटच्या जागी त्या छावणीचा खरा कमांडंट रुडॉल्फ होस आणला, आणि निवेदन त्याच्या घराच्या भिंतीपलीकडून, छावणीतून येणाऱ्या आवाजांवर सोपवलं. बागेत फुलं, आणि कानावर ते. हेडफोन लावूनच बघा.

नेम मोडला तो 'कॉन्क्लेव्ह'साठी. नवा पोप कोण, यावर सगळी ओढ असलेली गोष्ट, म्हणून २०२४चा सिनेमा आधी बघितला आणि रॉबर्ट हॅरिसची २०१६ची कादंबरी नंतर वाचली. निकाल माहीत असूनही कादंबरीने धरून ठेवलं, कारण तिथे निवडणूक पार पाडणाऱ्या कार्डिनल लोमेलीच्या मनात शिरता येतं. सिनेमात तो इटालियन न राहता इंग्रज लॉरेन्स झालाय, आणि त्याच्या मनातली घालमेल राल्फ फाइन्सच्या श्वासांतून ऐकू येते. रहस्यप्रधान जोड्यांना यापुढे हाच उलटा क्रम.

पद्धतीतला आणखी एक बदल, जो तुम्हीही करून बघावा असं मनापासून वाटतं. पुस्तक संपवून लगेच सिनेमा लावू नका. मी तसं करायचे तेव्हा पडद्यासमोर बसून नुसतं ताळा करणं चालायचं. आता तीन आठवडे जाऊ देते. तेवढ्यात तपशील विरतात आणि जे मनात टिकतं तेच घेऊन मी सिनेमापुढे बसते.

सध्या पर्सिव्हल एव्हरेटची २००१ची 'इरेझर' संपवली आहे. तिच्यात नायकाने चिडून लिहिलेली अख्खी कादंबरी पानंच्या पानं छापलेली आहे. त्यावरचा 'अमेरिकन फिक्शन' अजून बघितलेला नाही. ती आतली कादंबरी पडद्यावर कोण सांगणार, हा प्रश्न डाव्या पानावर लिहून ठेवलाय. तीन आठवड्यांतले नऊ दिवस गेले.