आडाळ्यावरची नायिका

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा फोन आला आणि मला सगळ्यात आधी आठवलं ते खोबरेल तेल. वाचनालयातल्या ‘दीपावली’ या दिवाळी अंकाला मी लावलेलं. पन्नास वर्षं होत आली, आता कबूल करायला हरकत नाही. तसंही तेव्हा सगळ्या वर्गाला कळलंच होतं.

१९७६ साल. मी नववीत. सावंतवाडीत आमच्यासाठी चित्रं म्हणजे वाण्याच्या दुकानातली कॅलेंडरं, चितार आळीतली रंगवलेली लाकडी फळं आणि दिवाळी अंक. वर्गात दोन पक्ष होते, दीनानाथ दलालवाले आणि रघुवीर मुळगावकरवाले. दोघेही मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं गाजवणारे चित्रकार, दोघेही मूळ गोव्याचे, म्हणजे आमच्या लेखी बांद्याच्या जरा पलीकडचे, घरचेच. मुलगे सरसकट मुळगावकरांचे, कारण बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर त्यांची मुखपृष्ठं असत आणि ती पुस्तकं भूगोलाच्या तासाला बाकाखालून फिरत. मुळगावकरांच्या देवांच्या अंगावर ब्रशची खूण म्हणून दिसायची नाही. सगळं स्प्रेचं काम, गाल लोण्यासारखे. आम्ही ते टूथब्रश आणि कंगवा घेऊन करून पाहिलं. कृष्णाचा गाल राहिला बाजूला, माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर निळे शिंतोडे उडाले. घरी बोलणी बसली आणि मी पक्ष बदलला.

दलालांच्या बाईला मानेपासून कमरेपर्यंत एकच रेघ असायची. मध्ये कुठे हात उचललाय, थांबलाय, असं वाटायचंच नाही. ‘दीपावली’च्या एका मुखपृष्ठावरची बाई तबक घेऊन मागे वळून बघत होती. ती रेघ मला हवी होती. बटर पेपर विकत घेण्याइतके पैसे नव्हते. कोणीतरी सांगितलं, साध्या कागदाला खोबरेल तेल चोळलं की तो आरपार दिसतो. दिसतो खरा. पण तेल कागदाच्या खालीही उतरतं. गिरवून झाल्यावर कागद उचलला तर त्या बाईच्या खांद्यावर रुपयाएवढा डाग.

वाचनालयाच्या बाईंनी दंड केला आणि मला अंकासकट चित्रकलेच्या सरांकडे पाठवलं. सर रागावले नाहीत, हे सांगितलं तर नव्या मुलांना खरं वाटणार नाही, पण नाही रागावले. त्यांनी प्रयोगशाळेतून भिंग मागवलं, डागाच्या शेजारी धरलं आणि म्हणाले, “बघ.” मी पाहिलं तर बाई नाहीच. नुसते ठिपके. निळे, लाल, पिवळे, काळे. गालाचा गुलाबी रंग म्हणून जो मी दोन दिवस पोस्टर कलरमध्ये कालवत बसले होते, तो तिथे नव्हताच.

“तू दलालांचं चित्र गिरवलं नाहीस, छापखान्याचं गिरवलंस,” सर म्हणाले.

मग त्यांनी आतल्या पानांवरची, कथांबरोबरची काळी रेखाचित्रं काढून दाखवली. तिथे ठिपके नव्हते. प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा ठसा, म्हणजे ब्लॉक, करावा लागतो, ब्लॉक वाढला की खर्च वाढतो, म्हणून कथाचित्राला बहुधा एकच रंग, पुस्तकाच्या मुखपृष्ठालाही पुष्कळदा दोन-तीनच. अशा वेळी दलाल कागदाचा पांढरा कसा कामाला लावतात ते बघ, म्हणाले. एका पानावर बाईच्या पदराला काठ होता आणि पदर नव्हताच. नुसता कोरा कागद. तरी पदर दिसत होता. त्या पानावर मी किती वेळ बसले ते आठवत नाही, पुढचा पीटीचा तास बुडला एवढं नक्की. रेघेसाठी सरांनी मला चितार आळीत पाठवलं. तिथे गंजिफा या जुन्या खेळाचे गोल पत्ते रंगवणाऱ्या आजोबांकडे शनिवारी शाळा सुटल्यावर जाऊन बसायचं, बोलायचं नाही. दशावतारी गंजिफाचे एकशेवीस पत्ते. डोळा काढताना आजोबा श्वास रोखत आणि रेघ संपली की सोडत. मला शिकवलं असं काही नाही, पण श्वास रोखायचा हे मी तिथून उचललं.

घरी आई सकाळी आडाळ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, बसून नारळ खवायची. एक पाय फळीवर, दुसरा गुडघा उभा, पाठ वाकलेली. मी समोर वही घेऊन बसले. पहिलं चित्र काढलं ते अर्थात दलालांच्या बाईचं. लांब डोळे, धारदार नाक, केसात फूल. फक्त हातात तबकाऐवजी नारळाची वाटी. आईने हात न थांबवता बघितलं.

“ह्यां माझां तोंड न्हय गो. माझां नाक इतक्यां सरळ खय?”

मला त्या वेळी राग आला. एवढी सुंदर काढली तर हिला आवडत नाही! पण दुसऱ्या दिवशी नाक तिचं घेतलं. डोळ्यांची लांबी कमी करावी लागली. चेहरा तिचा झाल्यावर पाठीवरची दलालांची रेघ खोटी दिसायला लागली, कारण खवताना पाठ तशी सरळ वळत नाही, खांद्यापाशी तिला एक हिसका असतो. तो हिसका धरायला दहा-बारा पानं गेली. शेवटी जी रेघ आली ती मध्ये एकदा अडखळते आणि पुढे जाते. ती पाहून आई म्हणाली, “पाय बरो जमलो तुका.” पाठीबद्दल काहीच बोलली नाही.

चित्र दलालांना पाठवायचं असं मी ठरवलं होतं. पत्ता अंकातच होता. पाकीट घेऊन सरांकडे गेले, चित्र मुंबईपर्यंत चुरगळू नये म्हणून पुठ्ठा कुठे मिळेल विचारायला. सर थोडे थांबले आणि म्हणाले, “ते गेले गं. एकाहत्तरच्या जानेवारीत.” चोपन्नाव्या वर्षी. म्हणजे मी प्राथमिक शाळेत असताना. मी ज्या माणसाशी वर्षभर मनातल्या मनात बोलत होते, तो पाच वर्षांपूर्वीच नव्हता. रडले वगैरे नाही. पाकिटावर आत्याचा पत्ता लिहून ते वापरून टाकलं.

त्या वर्षीच्या शाळेच्या हस्तलिखिताचं मुखपृष्ठ सरांनी मला दिलं. दोनच रंग वापरायचे, ही अट त्यांची. काळी शाई आणि इथल्या मातीचा तांबडा. आडाळ्यावरची आई, नारळाचा चव मात्र रंगवायचा नाही, कागदच ठेवायचा. चार नंबरचा ब्रश होता, केस गळालेला, त्याने रात्री कंदिलाशी बसून केलं. सव्वीस जानेवारीला प्रकाशन झालं तेव्हा एक पाहुणे म्हणाले, मुखपृष्ठावर स्वयंपाकघर कशाला, सरस्वती काढायची. मला ते लागलं. आजही थोडं लागतं.

पुढे मी चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, मग मुंबईला पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढण्यात तीस वर्षं गेली. संगणकावर रंगांना ब्लॉक लागत नाहीत, हवे तेवढे मिळतात. सवयीने मी अजून दोनवर सुरुवात करते आणि कला-संपादक विचारतात, बाकीचे कधी भरणार?

हस्तलिखितांचं कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत खिडकीच्या बाजूला असायचं. वाळवीतून काही उरलं असेल, तर १९७६-७७चा अंक बघावा. मुखपृष्ठाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मी आधी दलालांसारखी सही करून बघितली होती, मग ती पांढऱ्या रंगाने बुजवली. उजेडात तिरका धरला तर दिसेल.