ब्रिजमध्ये पार्टनर अलर्ट द्यायला विसरला तर

पार्टनरने १ नो ट्रम्प (हुकमाशिवाय खेळायची बोली) उघडला, तुम्ही २ चौकट बोललात: निदान पाच बदाम दाखवणारी ट्रान्सफर, म्हणजे पार्टनरला बदाम बोलायला सांगणारी बोली. त्याने अलर्ट (या बोलीला खास अर्थ आहे, अशी विरोधकांना सूचना) दिलाच नाही, वर ३ चौकट! विसरलाय हे उघड आहे, पण चेहरा कोरा ठेवा. न दिलेल्या अलर्टमधून कळलेलं वापरायला मनाई आहे. ३ चौकट म्हणजे बदामाला जोरदार पाठिंबा, असंच धरून बोला. हातात चौकट भरपूर असली तरी पास करून निसटायचं नाही.

लिलाव (बोली लावण्याचा टप्पा) चालू असताना खुलासा करायचा नाही. डाव तुमच्या बाजूने खेळायचा असेल तर शेवटच्या पासनंतर, पहिलं पान पडण्याआधी डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावून सांगा. बचावात असाल तर खेळ संपल्यावरच, नाहीतर पार्टनर मधेच जागा व्हायचा. ऑनलाइन स्वतःची बोली स्वतःच अलर्ट करतात, त्यामुळे हा घोळ तिथे फारसा होत नाही.